पुनरुज्जीवन कशाचे? : ‘एनबीए जॅम’ या खेळमालिकेचे परीक्षण

१

एखादी बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली म्हणजे मराठीत तिला ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द सरसकट लावला जातो. जुने संगीत नाटक नव्या संचात रंगभूमीवर आले, थांबलेले नियतकालिक पुन्हा निघू लागले, मागे पडलेला देशी खेळ दूरचित्रवाणीवर झळकला, की या सर्व घटनांचे वर्णन एकाच शब्दाने होते. वस्तुतः या निरनिराळ्या क्रियांसाठी भाषेने निरनिराळे शब्द घडविले आहेत. ग्रंथाचे पुनर्मुद्रण होते. त्यात संहिता शब्दशः तीच राहते. देवळाचा जीर्णोद्धार होतो. त्यात स्थान आणि दैवत कायम राहून दगड बदलतात. नाटकाचा नवा प्रयोग होतो. त्यात संहिता कायम राहून नट बदलतात. पुनरुज्जीवनात मात्र नेमके काय कायम राहावे लागते, याचा खुलासा समीक्षेत क्वचितच केला जातो. परिणामी, जे केवळ नामसादृश्य असते त्यालाही पुनरुज्जीवनाचा मान मिळतो, आणि जे खरोखर जिवंत असते ते वेगळ्या नावाखाली वावरत असल्यामुळे नजरेतून सुटते.

हा प्रश्न येथे एका अपरिचित क्षेत्रातील उदाहरणावरून तपासावयाचा आहे. १९९३ साली अमेरिकेत निघालेला ‘एनबीए जॅम’ हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम, त्यातून वाढलेली मालिका आणि २०१० साली झालेले तिचे पुनरागमन, हे ते उदाहरण होय. विद्यापीठीय संशोधनपत्रिकेत अशा विषयाला स्थान असावे काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर विषयाच्या लोकप्रियतेत शोधण्याचे कारण नाही. ते या मालिकेच्या इतिहासात आहे. साहित्यकृतीत नाव, रचना आणि वाणी ही तिन्ही सहसा एकत्र नांदतात, आणि म्हणून त्यांतील कोणत्या घटकावर कृतीची ओळख अवलंबून आहे हे वेगळे काढून दाखविता येत नाही. या मालिकेत मात्र व्यापारी व्यवहारामुळे ही तिन्ही निरनिराळ्या मालकांच्या हाती गेली. भाषाशास्त्रज्ञ ज्यांच्यात एकाच ध्वनीचा फरक आहे अशा शब्दांच्या जोड्या शोधतो आणि त्यांवरून त्या ध्वनीचे मूल्य ठरवितो. येथे तशा जोड्या इतिहासानेच तयार करून ठेवल्या आहेत.

२

प्रथम मूळ खेळाचे स्वरूप पाहिले पाहिजे. शिकागोच्या मिडवे या कंपनीने हा खेळ नाणे टाकून खेळावयाच्या यंत्राच्या रूपाने आणला. मार्क टर्मेल हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. एनबीए, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची मुख्य संघटना, हिचे खरे संघ आणि खऱ्या खेळाडूंच्या छायाचित्रांवरून घेतलेले चेहरे त्यात होते. परंतु जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे ज्या खेळाचा पाया घातला, त्याच्या रूढ नियमांशी या खेळाचे नाते फार सैल होते. मैदानावर प्रत्येक बाजूस पाचाऐवजी दोनच खेळाडू असत. प्रतिस्पर्ध्याला ढकलून पाडणे हा येथे फाउल नव्हता, तो बचावाचा नित्याचा मार्ग होता. रिंगकडे उतरू लागलेला चेंडू मध्येच अडविणे एवढे मात्र दोषास्पद मानलेले होते. ‘टर्बो’ नावाचे बटण दाबून धरले की खेळाडूचा वेग वाढे, आणि त्या वेगात रिंगकडे झेपावणारा खेळाडू माणसाला अशक्य अशा उंचीवर जाऊन, हवेत कोलांट्या घेऊन, चेंडू आत आदळीत असे.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम एक होता. एकाच खेळाडूने, मध्ये प्रतिस्पर्ध्याला बास्केट करू न देता, लागोपाठ तीन बास्केट केल्या की तो ‘पेट घेत’ असे. त्याच्या हातातील चेंडूला ज्वाळा फुटत, त्याचा टर्बो संपेनासा होई, आणि कोठूनही फेकलेला चेंडू बहुधा आत जाई. प्रतिस्पर्ध्याने बास्केट केली की ही अवस्था विझे. या एका नियमाने सबंध खेळाला घाट दिला आहे. दोन बास्केट झाल्या की तिसरी कोणी करावयाची, सहकाऱ्याला चेंडू द्यावा की स्वतःच फेकावा, प्रतिपक्षाने बचाव करावा की घाईने बास्केट करून ती साखळी तोडावी, हे सर्व निर्णय त्या नियमातून उद्भवतात. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची जी तीन तत्त्वे मांडली, ती या ठिकाणी उपयोगी पडतात. एका बाजूचा चढ म्हणजे संवादाची वाढती मालिका. प्रतिस्पर्ध्याची बास्केट म्हणजे तिला होणारा विरोध. आणि मागे पडलेल्या बाजूला संगणकाकडून मिळणारे गुप्त साहाय्य, ज्यामुळे सामना शेवटच्या क्षणापर्यंत अटीतटीचा राहतो, हे समतोलाचे साधन होय.

खेळाच्या या अंगाला ‘व्याकरण’ म्हणावे, आणि खेळाडू, संघ, पोशाख, चित्रे यांना ‘शब्दसंग्रह’ म्हणावे. या विभागणीला फर्दिनां द सोस्यूर यांचा आधार आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. लाकडी सोंगट्यांच्या जागी हस्तिदंती सोंगट्या आल्या तरी खेळात फरक पडत नाही. सोंगट्यांची संख्या कमीजास्त केली तर मात्र खेळाच्या व्याकरणालाच धक्का पोचतो, असा त्यांचा आशय आहे. ‘एनबीए जॅम’च्या मूळ यंत्रात याचा जणू प्रयोगच झालेला दिसतो. त्या काळचा सर्वांत ख्यातनाम खेळाडू मायकेल जॉर्डन त्यात नव्हता, कारण आपली प्रतिमा वापरण्याचे हक्क त्याने खेळाडूंच्या सामुदायिक करारापासून वेगळे ठेवले होते. शब्दसंग्रहातील सर्वांत वजनदार शब्दच गळालेला असूनही खेळाचे काही अडले नाही. उलट दोनाऐवजी पाच खेळाडू आणले असते, किंवा तीन बास्केटांचा नियम काढून टाकला असता, तर सर्व खेळाडू उपस्थित असूनही तो निराळाच खेळ झाला असता.

व्याकरणाला अपवाद असतात, तसा येथेही एक होता. टर्मेल हे डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचे चाहते. शिकागो बुल्स आणि पिस्टन्स यांच्या चुरशीच्या सामन्यात बुल्सने अखेरच्या क्षणी फेकलेले चेंडू हुकावेत अशी तजवीज आपण करून ठेवली होती, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. शिकागोच्याच कंपनीने काढलेल्या यंत्रात शिकागोच्या संघाविरुद्ध असा अपवाद दडलेला असावा ही गंमत खरीच. पण नियमाची चौकट पक्की असल्याशिवाय अपवादाला अर्थ येत नाही, हेही त्यातून दिसते.

३

आता नावाचा विचार. वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) या गावाच्या नावातील कंसाकडे तेथील रहिवाशाचे लक्ष सवयीने जात नाही. पण त्याच परिसरात बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) आणि सिंदी (मेघे) ही गावे आहेत, आणि जिल्ह्यात दुसरीकडे सिंदी (रेल्वे) हे गाव आहे. सिंदी हा शब्द दोन्हीकडे एकच. कंसातील पद गावाच्या स्वरूपाचे वर्णन क्वचितच करते. त्याचे मुख्य काम एका सिंदीला दुसऱ्या सिंदीपासून वेगळे काढण्याचे. दोन सिंद्यांचे नाव एक आहे म्हणून त्यांचा इतिहास एक आहे असे कोणी मानीत नाही. खेळांच्या मालिकांची नावे मात्र वाचक आणि ग्राहक नेमकी तशीच वाचतात. मूळ नाव तेच आणि पुढे नवा आकडा किंवा विशेषण असले, की आतील वस्तूही त्याच वंशातील असणार असे गृहीत धरले जाते.

‘एनबीए जॅम’च्या बाबतीत हे गृहीतक १९९६ सालीच खोटे ठरले होते. यंत्रावरील खेळाच्या घरगुती आवृत्त्या १९९४ साली अक्लेम या कंपनीने काढल्या होत्या. पुढे ‘एनबीए जॅम’ हे नाव वापरण्याचा हक्क अक्लेमकडे गेला. खेळ घडविणारी मंडळी मात्र मिडवेतच राहिली. १९९६ साली दोन खेळ समोरासमोर आले. अक्लेमच्या ‘एनबीए जॅम एक्स्ट्रीम’मध्ये नाव जुने होते, पण खेळाडू त्रिमितीय आकृतींचे झाले होते आणि खेळाची चालही बदलली होती. मिडवेच्या ‘एनबीए हँगटाइम’चे नाव नवे होते, पण त्यात दोन-दोन खेळाडूंचा सामना, ढकलाढकल, टर्बो आणि पेट घेण्याचा नियम शाबूत होता, शिवाय स्वतःचा खेळाडू घडविण्याची नवी सोय होती. पहिल्याकडे नाव गेले, दुसऱ्याकडे व्याकरण राहिले.

या जोडीपुढे ‘मालिका कोणती?’ हा प्रश्न टाळता येत नाही. ग्रंथसूचीकार नावाच्या अकारानुक्रमाने जाईल आणि ‘एक्स्ट्रीम’ला वारस ठरवील. समीक्षकाने ‘हँगटाइम’लाच वारस ठरविले पाहिजे. अक्लेमने पुढे २००३ साली याच नावाचा आणखी एक खेळ काढला, त्यात मैदानावर तीन-तीन खेळाडू होते. म्हणजे सोंगट्यांची संख्याच बदलली. २००४ साली अक्लेमचे आणि २००९ साली मिडवेचे दिवाळे निघाले. नाव बाळगणारा आणि व्याकरण जाणणारा, असे दोघेही संपले, आणि तेव्हा कोठे पुनरुज्जीवनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

४

तिसरा घटक वाणीचा, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत लक्षणीय. मूळ खेळाचे समालोचन टिम किट्झरो यांच्या आवाजात आहे. मैदानावर काय घडते आहे हे सांगणे एवढेच समालोचकाचे काम असते, असा सामान्य समज आहे. किट्झरो यांच्या वाक्यांकडे बारकाईने पाहिले तर त्यांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गातील उद्गार केवळ उत्साहवर्धक आहेत. ते कोणत्याही डंकनंतर येऊ शकतात आणि वगळले तरी खेळाचे ज्ञान कमी होत नाही. दुसऱ्या वर्गातील वाक्ये ठराविक अवस्थेलाच बांधलेली आहेत. लागोपाठ दोन बास्केट झाल्या की खेळाडू ‘तापू लागला’ अशा अर्थाचे वाक्य येते. तिसरी झाली की तो ‘पेटला’ असे जाहीर होते. ही वाक्ये खरी की खोटी असा प्रश्न संभवत नाही. पंचाने ‘बाद’ म्हणताच फलंदाज बाद होतो, त्याप्रमाणे ‘पेटला’ हा उच्चार आणि खेळाडूची बदललेली अवस्था एकाच क्षणी अस्तित्वात येतात. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ज्या उक्तींना कृतीचे सामर्थ्य असते त्यांचे विवेचन केले आहे. ही वाक्ये त्या जातीची आहेत. यंत्राच्या अंतर्भागात नियमाची अंमलबजावणी संगणकाची आज्ञावलीच करते, हे खरे. पण खेळणाऱ्याच्या अनुभवात नियम लागू होतो तो या उच्चाराने.

महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. हुतूतूत आणि कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या मुखातील शब्द हाच नियम आहे. तो शब्द अर्थ सांगण्यासाठी उच्चारला जात नाही. दम टिकला आहे याचा तो पुरावा असतो, आणि उच्चार तुटला की चढाईच संपते. शब्द आणि नियम यांचे हे नाते ‘एनबीए जॅम’मध्ये समालोचकाच्या तोंडी गेले आहे, एवढाच फरक.

मग वाणी बदलली तर काय होते? ‘हँगटाइम’मध्ये नील फंक यांचा आवाज होता, किट्झरो यांचा नव्हता, तरीही उच्चार आणि अवस्था यांची गाठ सुटली नाही, म्हणून खेळ ओळखीचा राहिला. ‘एक्स्ट्रीम’मध्ये मार्व्ह अल्बर्ट यांना आणले होते. ते प्रत्यक्ष एनबीएच्या सामन्यांचे विख्यात समालोचक, आणि कीर्तीच्या मोजमापाने पाहता ही निवड वरचढच होती. पण आवाजाच्या कीर्तीने खेळाची ओळख परत आली नाही. यावरून वाणीचे मूल्य व्यक्तीच्या कंठावर ठरत नसून तिच्या रचनेतील स्थानावर ठरते, असा निष्कर्ष निघतो.

५

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने २०१० साली ‘एनबीए जॅम’ पुन्हा काढला तो या पार्श्वभूमीवर. खेळ कॅनडातील शाखेने घडविला, टर्मेल यांचा सल्ला घेतला, आणि किट्झरो यांना समालोचनासाठी पुन्हा बोलाविले. ऑक्टोबर २०१० मध्ये तो प्रथम निन्टेंडोच्या ‘वी’ या यंत्रावर आला. येथे नाव, व्याकरण आणि वाणी ही तिन्ही, मूळ मंडळी पांगल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, प्रथमच एकत्र आली.

या कृतीचे गुण कोणते? पहिला गुण असा, की जुने काय होते हे तिच्या कर्त्यांनी नीट वाचले. दोन-दोन खेळाडू, ढकलण्याची मुभा, टर्बो, तीन बास्केटांनंतरची ज्वाळा, हे सर्व जसेच्या तसे ठेवले. दुसरा गुण रूपाच्या बाबतीतला. नव्या यंत्रांवर खेळाडूंचे पूर्ण त्रिमितीय चेहरे घडविणे अवघड नव्हते; तरी छायाचित्रांचे चेहरे त्रिमितीय शरीरांवर बसविण्याचा मार्ग जाणूनबुजून पत्करला. मूळ खेळात छायाचित्रांचा वापर तंत्राच्या सोयीने झाला होता. नव्यात तो शैली म्हणून आला. गरजेतून आलेले रूप पुढील काळात शैली होणे ही कलांच्या इतिहासात नित्याची घटना आहे. तिसरा गुण रिकाम्या जागांच्या जाणिवेचा. १९९४ च्या घरगुती आवृत्त्यांत बिल क्लिंटन आणि अल गोर हे गुप्त खेळाडू म्हणून दडविले होते. २०१० च्या खेळात बराक ओबामा, सारा पेलिन प्रभृती राजकारणी त्याच रीतीने आले. येथे व्यक्ती बदलल्या, पण ‘खेळाबाहेरच्या सत्ताधाऱ्याने मैदानात उतरून उड्या माराव्यात’ ही विनोदाची जागा कायम राहिली. वाक्यातील कर्त्याची जागा कायम ठेवून नवे नाम घालावे, तसा हा प्रकार आहे. क्लिंटन यांनाच पुन्हा उतरविणे एवढ्यावर हे थांबले असते तर ते पुनर्मुद्रण झाले असते.

दोषही सांगितले पाहिजेत. ‘रीमिक्स’ या नावाने जोडलेल्या विभागात मैदानावर विशेष शक्ती देणाऱ्या वस्तू उगवतात, आणि जुन्या काळचे नामांकित खेळाडू अंतिम प्रतिस्पर्धी म्हणून सामोरे येतात. मूळ खेळात शक्ती ही कर्तृत्वातून मिळत असे. तीन बास्केट केल्याशिवाय ज्वाळा नव्हती. येथे ती वाटेत पडलेली सापडते. नियमाने मिळविलेले आणि योगायोगाने सापडलेले यांतील भेद पुसला गेला, म्हणजे पेट घेण्याच्या नियमाचे वजनच घटते. ‘वी’वर हाताचा झटका देऊन चेंडू फेकण्याची जी सोय ठेवली, तीही या व्याकरणाला परकी आहे, कारण मूळ खेळाचा ठेका बटणाच्या चटकन् होणाऱ्या दाबावर बेतलेला होता. सुदैवाने जुन्या पद्धतीचा पर्याय शाबूत होता. २०११ साली ‘ऑन फायर’ या नावाने निघालेल्या सुधारित आवृत्तीत चेंडू ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे नियंत्रण आपोआप जाण्याचा पर्याय दिला. मूळ खेळात खेळणारा एकाच खेळाडूला बांधलेला असे आणि सहकाऱ्यावर विसंबणे हा खेळाचा भाग होता. तेव्हा ही सोय वाटते तितकी किरकोळ नाही. ती सर्वनामच बदलते, ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आणते.

या दोषांसहही २०१० चा ‘एनबीए जॅम’ हे पुनरुज्जीवन होय. नव्या भरीमुळे गाभा झाकला गेला नाही, आणि भर वगळून खेळता येईल अशी व्यवस्था त्यात आहे.

६

याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेशी तुलना केल्यास हा निर्णय अधिक स्पष्ट होतो. ‘एनबीए लाइव्ह’ ही मालिका १९९४ पासून चालत आलेली. प्रत्यक्ष सामन्याची प्रतिकृती हे तिचे ध्येय. २००९ साली निघालेल्या ‘लाइव्ह १०’नंतर कंपनीने नाव आणि नियंत्रणपद्धती दोन्ही बदलून २०१० साठी ‘एनबीए एलिट ११’ जाहीर केला. चाचणीसाठी खुल्या केलेल्या भागात अँड्र्यू बायनम हा खेळाडू मैदानाच्या मध्यभागी हात पसरून निश्चल उभा राहिल्याचे दृश्य कुप्रसिद्ध झाले. प्रकाशनास काही दिवस उरले असता खेळ लांबणीवर पडला आणि पुढे रद्द झाला. विशेष म्हणजे इतर दोन यंत्रांवरील ‘एनबीए जॅम’ या ‘एलिट’सोबत जोडून देण्याची योजना होती, ‘एलिट’ मागे पडल्यावर ‘जॅम’ नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र तबकडीवर आला. जोडपत्र म्हणून आखलेली कृती टिकली आणि मुख्य ग्रंथ छापलाच गेला नाही, असे हे झाले.

‘लाइव्ह १३’ही रद्द झाला. २०१३ साली ‘लाइव्ह १४’ आला तेव्हा मालिकेचे पुनरुज्जीवन झाल्याचा गाजावाजा झाला. नाव परतले होते. सर्व संघ, सर्व खेळाडू होते. तरी समीक्षकांनी तो स्वीकारला नाही. त्यानंतर काही भाग निघाले. २०१७ च्या ‘लाइव्ह १८’मध्ये महिलांच्या डब्ल्यूएनबीए स्पर्धेचे सर्व संघ प्रथमच आले, ही उल्लेखनीय भर होती. ‘लाइव्ह १९’नंतर मात्र मोठ्या यंत्रांवरील मालिका थांबली.

या अपयशाचे खापर सामान्यतः कारागिरीवर फोडले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु कारण याहून खोल असावे. प्रतिकृतीचे ध्येय ठेवणाऱ्या खेळाचे व्याकरण त्याचे स्वतःचे नसते. ते प्रत्यक्ष बास्केटबॉलकडून उसने घेतलेले असते. तेच व्याकरण १९९९ पासून चालत आलेल्या ‘एनबीए २के’ या प्रतिस्पर्धी मालिकेनेही घेतले होते, आणि ‘लाइव्ह’ थबकला त्या काळात तिने ते अधिक सफाईने वापरले. तेव्हा २०१३ साली ‘लाइव्ह’ने पुन्हा जिवंत करावे असे स्वतःचे काय होते? नावाखेरीज फारसे काही नव्हते. ‘जॅम’चे व्याकरण मात्र केवळ त्याचेच होते. ज्या कृतीला स्वतःचे व्याकरण आहे तिचेच पुनरुज्जीवन होऊ शकते. इतरांच्या बाबतीत फक्त स्पर्धा पुन्हा सुरू होते.

७

या मतावर एक सबळ आक्षेप संभवतो. व्याकरण हाच प्राण असेल, तर २०११ नंतर ‘जॅम’ पुढे का चालला नाही, आणि भ्रमणध्वनीवर २०१६ साली ‘लाइव्ह’ या नावाचा खेळ कसा आला? याचे उत्तर असे, की पुनरुज्जीवन आणि दीर्घायुष्य या दोन निराळ्या कल्पना आहेत. पहिली कृतीच्या अंतर्गत रचनेविषयी आहे, दुसरी बाजारातील परिस्थितीविषयी. शिवाय ‘जॅम’चे व्याकरण संपलेले नाही. २०१७ साली दुसऱ्याच एका कंपनीने ‘एनबीए प्लेग्राउंड्स’ या नावाने दोन-दोन खेळाडूंचा, अतिशयोक्त उड्यांचा खेळ काढला; नाव नसताना चाल ओळखू आली. २०२० साली मूळ यंत्राची घरी ठेवण्याजोगी प्रतिकृती बाजारात आली आणि तीत ‘हँगटाइम’ही समाविष्ट होता. हे पुनर्मुद्रण होय, आणि त्याच्या संपादकाने नावांच्या भिंतीपलीकडची वंशावळ बरोबर ओळखली असे म्हणावे लागते.

मराठीतील दोन उदाहरणांवरून ही कसोटी पडताळून पाहता येईल. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली आले. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांची, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. २०१० साली राहुल देशपांडे यांनी ती भूमिका केली. कंठ बदलला, पण दोन घराण्यांच्या गायकीतील संघर्ष गाण्यातूनच ऐकू आला पाहिजे हे त्या नाटकाचे व्याकरण कायम राहिले. म्हणून ते पुनरुज्जीवन ठरते. दुसरे उदाहरण कबड्डीचे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. पूर्वी चढाईचा काळ चढाई करणाऱ्याच्या दमाने ठरत असे. आता घड्याळ ठरविते. मुखातील शब्द राहिला, परंतु त्याचे काम निम्मे घड्याळाकडे गेले. हे पुनरुज्जीवन की नव्या व्याकरणाचा खेळ, याचा निर्णय प्रेक्षकसंख्येवरून देता येणार नाही. दम आणि घड्याळ यांच्या नव्या संबंधाचे पृथक्करण करूनच तो द्यावा लागेल, आणि असे पृथक्करण अद्याप व्हावयाचे आहे.

विद्यापीठीय अभ्यासाला या विवेकाची गरज खेळांपुरती नाही. लोककला, बोली, बंद पडलेली नियतकालिके यांच्या पुनरुज्जीवनाचे संकल्प वारंवार सोडले जातात, आणि त्यांची सिद्धी नाव पुन्हा झळकण्यावरून मोजली जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा हे मानाचे नाव आहे, आणि नावाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वर्गात, न्यायालयात, प्रयोगशाळेत मराठी वाक्य घडत राहते की नाही, हा प्रश्न त्या नावाने सुटत नाही. पुनरुज्जीवनाचा दावा पुढे आला की प्रथम मूळ कृतीचे नियम मांडावेत, त्यांतील कोणते राहिले आणि कोणते बदलले याची नोंद करावी, आणि नावाचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम पाळला तर ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द समीक्षेत पुन्हा काही सांगू लागेल.